जॅझच्या एलपीचा नाद: कोल्हापुरात सुरुवात कशी करावी

नव्याने या नादाला लागलेला माणूस बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी चार महागड्या एलपी (मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्ड) घेतो, मग त्या वाजवायला मिळेल तो प्लेअर आणतो आणि आवाज खरखरीत आला की रेकॉर्डला शिव्या घालतो. खर्चाचा क्रम सुईपासून लावावा. खाचेत जे कोरलंय ते सगळ्यांत आधी वाचते ती सुई. तिथे जे निसटलं ते पुढचा कितीही भारी अँप्लिफायर परत आणत नाही. शिवाय वाईट सुई वाचता वाचता खाच खरवडते, म्हणजे पुढच्या वेळी चांगली सुई लावूनही उपयोग नाही.

भावगीताच्या रेकॉर्डवर थोडी घरघर खपून जाते, कारण मन शब्दांत असतं. जॅझच्या तिघाचौघांच्या मेळात मात्र अर्धी गंमत झांजेवर पडणाऱ्या काडीत, ड्रमच्या कातड्यावर फिरणाऱ्या तारेच्या ब्रशात आणि डबल बासची तार सोडल्यावर रेंगाळणाऱ्या नादात असते. झिजलेली सुई आधी नेमकं हेच खाते.

यंत्र घेताना

सूटकेससारखे दिसणारे, झाकणातच स्पीकर असलेले स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यांच्यात सहसा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारी, तिच्या थरथरीचा विद्युत सिग्नल करणारी डबी) असतं, सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास जातो आणि त्याच पेटीत स्पीकर असल्यामुळे त्याची थरथर पुन्हा सुईतच शिरते. आजोबांच्या माळ्यावरून निघालेल्या एचएमव्ही फिएस्टालाही हेच लागू. तो जपून ठेवा, घासलेल्या जुन्या रेकॉर्ड त्यावर खुशाल लावा. नवी एलपी नको.

घ्यायचं ते मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलवून सिग्नल करणारं, कार्ट्रिज असलेलं, सुई स्वतंत्र बदलता येणारं टर्नटेबल. इथे दोन वाटा आहेत. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्ससारखं यंत्र खोक्यातून काढून लगेच लावता येतं, सुईचा हात आपोआप उठतो-बसतो, पण सुईचा भार किंवा कार्ट्रिज बदलायची सोय नाही. दुसरी वाट म्हणजे मागे फिरवायचं वजन असलेला टोनआर्म (सुईचा हात), उदाहरणार्थ त्याच कंपनीचं एलपी१२०एक्स. थोडी खटपट करायची तयारी असेल तर हेच घ्या, कारण पुढे कार्ट्रिज सुधारता येतं. पट्ट्यावर फिरणारं चांगलं की थेट मोटरवर, या वादात पहिल्या वर्षी तरी पडू नका.

कार्ट्रिजमधून बाहेर पडतो तो चार-पाच मिलिव्होल्टचा सिग्नल. सीडी प्लेअर साधारण दोन व्होल्ट देतो. शिवाय एलपी कापताना खर्ज दाबून आणि तीव्र भाग उचलून कापलेला असतो, नाहीतर खर्जाच्या खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला वीस मिनिटं मावणार नाहीत. हे दोन्ही पूर्ववत करायचं काम फोनो प्रीअँपचं. तो टर्नटेबलात असतो, अँप्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेल्या खोबणीत असतो किंवा वेगळ्या डबीत मिळतो. आवाज अगदी बारीक आणि पातळ आला तर प्रीअँप वाटेत नाही असं समजा. फाटका, ढबढबीत आणि दणकेबाज आला तर दोन प्रीअँप एकापुढे एक लागलेत: टर्नटेबलामागचं बटण ‘लाइन’वर आणि तार अँपच्या ‘फोनो’त. दोनातला एक काढा.

अमेरिकेहून नातेवाइकांनी पाठवलेलं यंत्र असेल तर फक्त ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. तिथली वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. जुन्या पट्टावाल्या यंत्रांतली सिंक्रोनस मोटर विजेच्या आवर्तनांवर चालते, त्यामुळे ती इथे सहातले पाचच भाग वेगाने फिरते. मिनिटाला ३३ १/३ ऐवजी २७.८ फेरे पडतात आणि ट्रंपेट म्हशीसारखा हंबरतो. उपाय आपल्या गावात आहे. मोटरच्या दांड्यावरची पुली पट्ट्याची जाडी हिशेबात धरून १.२ पट व्यासाची लागते, आणि शिवाजी उद्यमनगरातला कुठलाही चांगला लेथवाला ती पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये कातून देईल. त्याला जुनी पुली नमुन्याला द्या आणि भोक मध्यावर यायला हवं हे दोनदा सांगा. भोक केसभर सरकलं तरी पियानोचा लांबलेला स्वर डुलू लागतो. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झवाल्या यंत्रांना ही भानगड नसते. तिथे ट्रान्सफॉर्मर पुरतो.

बसवणी

एक निवांत दुपार ठेवा. घाईत सुई तुटते.

पहिली पायरी जागेची. पेठेतल्या जुन्या घरात माडीची जमीन लाकडी असते. कुणी चाललं की सुई उडते. तिथे टर्नटेबल भिंतीला ठोकलेल्या फळीवर ठेवा. फरशीच्या घरात भक्कम टेबल चालेल. खाली १८ बाय १४ इंचाची, इंचभर जाडीची कडप्पा फरशी आणि तिच्या चार कोपऱ्यांत रबरी तुकडे ठेवले की बरीच थरथर तिथेच मरते. ही फरशी सुमारे ११ किलो भरते, तेव्हा टेबल तेवढं पेलणारं हवं. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका. मग गवंड्याचा छोटा लेव्हल घेऊन टर्नटेबलाच्या फिरत्या तबकडीवर दोन दिशांनी बुडबुडा मध्यावर आणा.

दुसरी पायरी कार्ट्रिजच्या तारांची. कार्ट्रिज आधीच जोडलेलं असेल तर पुढे जा. नसेल तर पांढरी डावीकडची जिवंत, निळी तिची परतीची, लाल उजवीकडची जिवंत, हिरवी तिची परतीची. कार्ट्रिजच्या मागे हेच रंग असतात. चिमट्याने पिन धरून सरकवा, तार ओढू नका. दोन स्क्रूंमधलं अंतर १२.७ मिलिमीटर असतं. ते आता फक्त हलके अडकवा.

तिसरी पायरी भाराची. अँटिस्केट (हात मध्याकडे ओढला जाऊ नये म्हणून असलेली कळ) शून्यावर, सुईची टोपी काढलेली, हात मोकळा. मागचं वजन फिरवत हात हवेत आडवा, तराजूच्या दांडीसारखा तरंगेपर्यंत आणा. आता वजनाचा भाग न हलवता फक्त आकड्यांची कडी शून्यावर फिरवा. मग वजन आणि कडी एकत्र फिरवून लागेल तो भार द्या. एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिजला २.० ग्रॅम, ऑर्टोफॉन टूएम रेडला १.८. कमी भार म्हणजे रेकॉर्डची काळजी, ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई जोरकस सुरांना खाचेत टिकत नाही, उसळते आणि परत आपटताना भिंतीचा टवका उडवते. कंपनीने दिलेल्या मर्यादेत थोडं जड बरं.

कडीवरच्या आकड्यावर विसंबू नका; प्रत्यक्ष मोजा. गुजरीत सोनारांकडे दिसतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा यासाठी पुरतो. दोन अडचणी मात्र येतात. एक, काट्याचं ताट उंच असतं आणि हात वर उचलला गेल्यामुळे आकडा किंचित बदलतो. म्हणून तबकडीवरची मॅट काढा आणि सुई रेकॉर्डच्या उंचीच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणा. दुसरी जास्त धोक्याची: ताट लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याकडे झेपावतं, सुई खाडकन आपटते आणि आकडाही भरवशाचा राहत नाही. फ्रिजवरचं चुंबक ताटाला लावून बघा. चिकटलं तर तो काटा नको. सुईसाठीच बनवलेला, चुंबक न ओढणारा काटा ऑनलाइन मिळतो.

चौथी पायरी सरळपणाची. एलपी कापणारी सुई सरळ रेषेत आत सरकते, आपला हात मात्र कमानीत फिरतो. त्यामुळे कार्ट्रिज दोनच ठिकाणी खाचेशी अगदी समांतर येतं. प्रचलित मांडणीत ही दोन ठिकाणं मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. या दोन बिंदूंचा आराखडा इंटरनेटवरून उतरवून छापता येतो. झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा सवयीने ‘पानात बसवा’ दाबतो आणि आराखडा तीन-चार टक्के आक्रसतो. छापून झाल्यावर त्यावरच्या मोजपट्टीशी स्टीलची पट्टी लावून १०० मिलिमीटर मोजा. बरोबर नसेल तर पुन्हा छापून घ्या. सुई दोन्ही बिंदूंवर टेकवल्यावर कार्ट्रिजच्या कडा रेषांना समांतर दिसेपर्यंत ते मागेपुढे, डावीउजवीकडे सरकवा, मग स्क्रू आळीपाळीने आवळा आणि भार पुन्हा मोजा, कारण कार्ट्रिज सरकलं की भार बदलतो.

ही पायरी टाळलेल्याला बाजूच्या शेवटच्या गाण्यावर फळ मिळतं. बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सुईखालून जाते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला असतो. तिथे तिरकी सुई चाचपडते, झांज ‘स्स’ ऐवजी ‘ख्ख’ करते. सगळी बाजू छान आणि शेवटची तीन मिनिटं फाटकी, असं झालं तर आधी आराखडा काढा, मग रेकॉर्डवर संशय घ्या.

अँटिस्केट भाराएवढाच ठेवून सुरुवात करा. उजवा स्पीकर आधी फाटत असेल तर थोडा वाढवा, डावा फाटत असेल तर कमी. आणि टर्नटेबलातून निघणारी बारीक सुटी तार अँपमागच्या ग्राउंडच्या स्क्रूला लावायला विसरू नका. ‘हम्म’ असा सतत घुमारा येतो तो बहुतेक वेळा ती न लावल्यामुळे. तार लावूनही घुमारा राहिला तर वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या.

वेग तपासणं

३३ १/३ चा एक सोयीचा हिशेब आहे: बरोबर तीन मिनिटांत शंभर फेरे. तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा, रेकॉर्डवर सुई ठेवलेली असतानाच मोबाइलचं घड्याळ लावा आणि मोजा. शंभर फेऱ्यांना १७८ सेकंद लागले तर यंत्र एक टक्क्याहून किंचित जास्त धावतंय, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाने सगळं चढं वाजतंय. पट्ट्यांची छापील स्ट्रोब चकती (वेग बरोबर असेल तर विजेच्या दिव्याखाली जिच्या पट्ट्या स्थिर दिसतात ती) वापरायची तर ती ५० हर्ट्झची, १८० पट्ट्यांची हवी. ६० हर्ट्झच्या चकतीवर २१६ पट्ट्या असतात आणि ती इथे धडधडीत खोटं सांगते. काही एलईडी दिवे विजेबरोबर लुकलुकत नाहीत, त्यांच्या उजेडात पट्ट्या दिसतच नाहीत.

इथे कोल्हापूरकरांसाठी एक सूचना. घरात तंबोरा किंवा निदान तंबोऱ्याचं ॲप असणारच. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या एलपीशी ते जुळवून बघाल आणि पहिली बाजू किंचित चढी लागली तर लगेच मोटर उघडू नका. २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेप थोडी हळू फिरत होती, त्यामुळे पहिल्या बाजूची तीनही गाणी मूळ एलपीवर चढी वाजतात. ही चूक नव्वदच्या दशकात सुधारली गेली. जुनी छपाई असेल तर ती चढी असणं हीच तिची ओळख.

धुणं

वाजवण्याआधी दर वेळी कार्बन फायबरच्या ब्रशने फिरत्या रेकॉर्डवरची धूळ काढा: दोन फेरे ब्रश स्थिर, मग हळू बाहेर ओढा. सुई स्वतंत्र ब्रशने, मागून पुढे. कधीही पुढून मागे किंवा आडवी नाही. तिची दांडी वाकते.

जुनी एलपी मात्र धुतल्याशिवाय सुईखाली घालू नका. एक लिटर मिश्रणासाठी ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, २०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या बिनरंगी लिक्विडचे दोन थेंब. दोन म्हणजे दोनच. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलं तर ते वाळताना क्षार खाचेतच सोडून जातं आणि मग चहा उकळल्यासारखा आवाज येतो. रिठ्याचं पाणी पैठणीला ठीक, रेकॉर्डला नको. त्याचा थर राहतो.

लेबलचा व्यास १० सेंटीमीटर असतो. तेवढंच प्लास्टिकच्या डब्याचं झाकण त्यावर धरा, म्हणजे कागद भिजत नाही. मऊ मायक्रोफायबरच्या कापडावर मिश्रण घेऊन खाचांच्याच दिशेने गोल तीन-चार फेरे पुसा, मग दुसऱ्या कापडाने निव्वळ डिस्टिल्ड पाणी फिरवा. वाळवायला स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताटाळं फार छान. एलपी त्यात फक्त कडेवर उभी राहते. पंखा लावू नका, तो वाळवतो कमी आणि धूळ जास्त चिकटवतो. उन्हाळ्यात तास-दीड तास, पावसाळ्यात रात्रभर.

एक इशारा ठळक अक्षरांत वाचा. हे मिश्रण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डना कधीही लावू नका. त्या लाखेच्या असतात. सुतार पॉलिश करण्यासाठी चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवतो, अगदी तीच क्रिया तुमच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डवर होईल. त्यांना अल्कोहोल न घातलेलं डिस्टिल्ड पाणी आणि तो लिक्विडचा थेंब, एवढंच. त्यांची खाचही रुंद असते, म्हणून सुई वेगळी लागते. एलपीच्या सुईचं टोक बारीक असल्यामुळे ते खाचेच्या तळाशी घरंगळत जातं.

विकत घेताना

कोल्हापुरात जुन्या रेकॉर्ड मिळतात, पण रद्दीवाल्याकडे किंवा मोडीत निघालेल्या घरात निघतं ते नाट्यसंगीत, लावणी, भक्तिगीतं आणि हिंदी सिनेमा. जॅझ क्वचित. त्या गठ्ठ्यांतही जॅझचा अंश सापडतो, हे मात्र खरं: सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’मागे गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. शंकर-जयकिशनची १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही एचएमव्हीची एलपी तर सतारीवर उस्ताद रईस खान असलेली, रागांवर बेतलेली. ती दिसली तर सोडू नका. बाकी माल मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि ऑनलाइन विक्रेते यांच्याकडून येतो.

जुनी एलपी बघताना ट्यूबलाइटखाली बघू नका. पसरट उजेडात चरे लपतात. एका बल्बखाली किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकी धरा. वरवरचे केसासारखे चरे बहुधा ऐकू येत नाहीत. नख अडकतं तो चरा टिकटिकणारच. खाचा काळ्या चमकदार न दिसता राखाडी, भुरकट दिसत असतील तर जड सुईने त्या खाल्ल्यात आणि कुठल्याही धुण्याने ते भरून येत नाही. भारतात वापरलेल्या बऱ्याच जुन्या एलपींचं हेच दुखणं आहे. छपाई वाईट नव्हती, घरोघरचे प्लेअर जड होते. मधल्या भोकाभोवती लेबलवर चकचकीत ओरखड्यांचं जाळं असेल तर ती पुष्कळ वाजलीय. सपाट काचेवर ठेवून वाकडेपणा बघा. आणि सगळ्यांत साधी गोष्ट, जी उत्साहात राहून जाते: आत खरंच तीच रेकॉर्ड आहे का ते बघा.

शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंतचा जो कोरा पट्टा असतो त्यात बारीक आकडे-अक्षरं कोरलेली असतात. छपाईची खरी जन्मपत्रिका तिथे असते, कव्हरवर नाही. ब्लू नोट या अमेरिकी जॅझ कंपनीच्या पन्नास-साठच्या दशकातल्या छपाईत तिथे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांचं नाव किंवा ‘आरव्हीजी’ ही आद्याक्षरं दिसतात, आणि त्या छापाला बाजारात भाव असतो. नवशिक्याने त्या भावाच्या मागे लागू नये. ब्लू नोटच्याच ‘क्लासिक व्हिनाइल’ आणि ‘टोन पोएट’ या हल्लीच्या मालिका मूळ टेपवरून काळजीपूर्वक कापलेल्या आहेत आणि नव्या असल्याने खाच कोरी मिळते.

स्वस्त नव्या छपाईबद्दल थोडं सावध राहा. युरोपात १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेले आहेत, त्यामुळे तिथल्या कितीतरी रेकॉर्ड कंपन्या जॅझचा तो सगळा सुवर्णकाळ मूळ टेपला हातही न लावता छापतात. काही ऐकायला ठीक असतात, काही म्हणजे सीडीच प्लास्टिकवर उतरवलेली. कव्हरवर कुठल्या टेपवरून, कुणी कापलं हे लिहिलेलं नसेल तर पैसे त्या बेताने मोजा.

कुरिअरने मागवताना विक्रेत्याला सांगा: वापरलेली रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून कव्हरामागे ठेवा आणि दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा द्या. आत ठेवली तर प्रवासात ती कव्हराची शिवण फाडते. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने आणत असाल तर पिशवी बर्थवर डोक्याशी, उभी. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तासभरही ठेवू नका. एलपी पापडासारखी वळते आणि सरळ करण्याचे घरगुती उपाय ती अजून बिघडवतात.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा संग्राहकाच्या परीक्षेचा काळ. बुरशी प्लास्टिक खात नाही, पण खाचेतली धूळ, बोटांचा तेलकटपणा आणि कव्हराचा कागद तिला पुरतो. रेकॉर्डवर पांढुरके नक्षीदार डाग दिसले तर दोनदा धुवा आणि आतलं कागदी पाकीट फेकून द्या, नाहीतर आठवड्यात परत येतील. कव्हर कोरड्या कापडाने पुसा, उन्हात टाकू नका, रंग उडतो.

रॅक बाहेरच्या भिंतीला टेकवायचा नाही, चार इंच जागा सोडायची. जमिनीपासूनही तेवढंच वर. आतलं पाकीट पॉलिथिनचं घ्या, बाहेरचं पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचं. जाड, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं रेकॉर्डवर धुरकट छाप सोडतात. बाहेरच्या पाकिटाचं तोंड पावसाळ्यात चिकटवून बंद करू नका, ओल आतच कोंडते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर त्या रंग बदलणाऱ्या घ्या आणि रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत ठेवा. न तपासलेली पुडी म्हणजे नुसता दिलासा.

रेकॉर्ड उभ्या ठेवा, सरळ, झुकलेल्या नाहीत, एकमेकींवर आडव्या तर नाहीच. खणाची आतली उंची आणि खोली ३३ सेंटीमीटर पुरे. शंभर एलपींचं वजन पंचवीस किलोच्या घरात जातं, सुताराला ते आधी सांगा. पुस्तकांच्या मापाची फळी वर्षभरात पोट काढते.

काय लावायचं, कसं ऐकायचं

अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी आश्रय दिला त्या गावात, देवल क्लबात बसून कान तयार झालेल्या माणसाला जॅझ परका वाटायचं कारण नाही. फक्त सवयीच्या दोन-तीन गाठी सोडवाव्या लागतात.

पहिली गाठ आकाराची. बंदिश मांडायची, मग तिच्याच आवर्तनांवर विस्तार करायचा आणि शेवटी बंदिशीवर परत यायचं, हे तिथेही तसंच आहे. आवर्तन मात्र लांब: बहुतेक गाणी ३२ बारांची, म्हणजे १२८ मात्रांची, ब्लूज १२ बारांचं, ४८ मात्रांचं. ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं ‘सो व्हॉट’ लावा. सुरुवातीचा पियानो-बासचा संथ तुकडा संपला की बास धून म्हणतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. तिथून मोजायला लागा. एका आवर्तनाला मिनिटाला थोडे कमी, पंचावन्न सेकंदांच्या आसपास लागतात. पहिल्या १६ बारांत वापरलेले स्वर म्हणजे आपला काफी थाट: कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. पुढच्या ८ बारांत तोच थाट आख्खा अर्धा स्वर वर सरकतो, आणि शेवटच्या ८ मध्ये परत खाली येतो. षड्जच हलतो ही कल्पना आपल्या कानाला सुरुवातीला खटकते. त्या क्षणी पियानोकडे लक्ष द्या, दार उघडल्यासारखं ऐकू येईल. माइल्सचा ट्रंपेट दोन आवर्तनं वाजतो. ती संपली कधी आणि जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन सुरू झाला कुठे हे न चुकता सांगता आलं की निम्मं काम झालं.

दुसरी गाठ टाळीची. आपण समेवर हात टाकतो. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झोकदार चालीत, वजन चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतं. ड्रमरच्या पायाखालची हाय-हॅट झांजांची जोडी तिथेच ‘चिक्’ करून मिटते. पहिल्या मात्रेवर टाळी दिली तर सगळं लष्करी बँडसारखं वाटतं. ‘चिक्’बरोबर पाय हलवा. शेवटाकडे वादक आणि ड्रमर चार-चार बार वाटून घेतात, तो सरळ सवाल-जवाब आहे.

पहिल्या पाच-सहा एलपींत गाणारा आवाज एक तरी असावा. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांची १९५६ ची ‘एला अँड लुई’ घरातल्या सगळ्यांना चालते आणि मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो आहे. डेव्ह ब्रूबेक चौकडीची १९५९ ची ‘टाइम आउट’ तालासाठी: ‘टेक फाइव्ह’मध्ये पाच मात्रा, तीन आणि दोन अशा तुटतात, झपतालाच्या उलट बाजूने. हे ब्रूबेक १९५८ मध्ये भारतात येऊन वाजवून गेले होते. सनी रोलिन्सची १९५६ ची ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ बसवणीच्या परीक्षेला उत्तम, कारण सॅक्सोफोनचा श्वास, झांज आणि बास तिन्ही वेगवेगळे कळायला हवेत. कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’ थोडी नंतर, कान रुळल्यावर, आणि एका बैठकीत.

एक बाजू म्हणजे वीस मिनिटांची बैठक. ती लावून भाजी चिरायला जाऊ नका, निदान पहिल्या वेळी. स्पीकर कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून सहा फुटांवर, आणि तुम्हीही दोघांपासून तेवढ्याच अंतरावर. कव्हरावरची वादकांची नावं आधी वाचून घ्या. बाजू संपली की सुई शेवटच्या खाचेत फिरत ठेवून झोपी जाऊ नका. ते तासही सुईच्या खात्यात पडतात, आणि व्हीएम९५ईच्या सुईला कंपनी ३०० तास सांगते. ४० मिनिटांची एलपी धरली तर साडेचारशे एलपी. रोज एक लावली तर सव्वा वर्ष. सुई बदलल्याची तारीख टर्नटेबलाखाली चिठ्ठीवर लिहून ठेवा.

टिकटिक कानावर आली तर ती रेकॉर्डची की ध्वनिमुद्रणातली हे ओळखता यायला हवं. चरा असेल तर टिक बरोबर १.८ सेकंदांनी, दर फेऱ्याला, त्याच जागी येते. पियानोवादक बिल इव्हान्सच्या ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’वर मधूनच जो किणकिणाट ऐकू येतो तो मात्र कुठल्याही हिशेबात बसत नाही. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात समोर बसलेल्यांच्या पेल्यांचा तो आवाज आहे. तिथे ब्रश उचलू नका.